वरच्या मजल्यावरचा माणूस

रेवतीने मिहिरच्या जुन्या काळ्या बुटांच्या टोकांत मोज्यांचे बोळे कोंबले, नाड्या करकचून बांधल्या आणि ती कडप्प्याच्या लादीवर उभी राहिली. लादी ओटा केला तेव्हाची उरलेली. इतकी वर्षं ती गॅलरीत कुंड्यांखाली पडून होती. समोर पलंगावर उशीला टेकवलेल्या फोनमध्ये एक माणूस जिना चढत होता. पन्नाशीला आलेला, खांद्याला बॅग, आणि आवाज अजिबात नाही. तो दाराशी येऊन थांबायचा, बेलकडे हात न्यायचा, हात खाली घ्यायचा. क्लिप तिथेच संपायची.

रेवती त्याच्याबरोबर जागच्या जागी चालली. तो थांबला, आणि तिचं अर्धं पाऊल जास्तीचं वाजलं.

"हट्!" ती स्वतःवरच करवादली.

अर्धं पाऊल चुकलं ते एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत वेगळी होती. पावलं वाजत होती, पण ती पुरुषाची नव्हती. नवऱ्याचे बूट घालून घरात हिंडणाऱ्या बाईची होती.

सिनेमात माणूस चालतो तेव्हा आपल्याला ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. पडद्याकडे बघत, स्टुडिओच्या बंद खोलीत, कुणीतरी ती मागाहून वाजवलेली असतात. पावलं, कपड्यांची सळसळ, कपबशीचा किणकिणाट, सगळंच. या कामाला फोली म्हणतात, आणि रेवतीने ते अंधेरीच्या एका स्टुडिओत बारा वर्षं केलं होतं. पुरुषांची पावलं ही तिची खासियत. हवालदार, मंत्री, दारुडे, एका मालिकेतला तर अख्खा खलनायक तिच्या पायांवर उभा होता. मग ऋतिका झाली. मुलुंड ते अंधेरी जाऊन-येऊन तान्हं मूल सांभाळणं काही जमेना, आणि तिने काम सोडलं. 'चार दिवस थांब, बघू काहीतरी' असं तेव्हा एकानेही म्हटलं नाही, घरात नाही आणि स्टुडिओतही नाही. ते तिला अजून सलत होतं.

आठ वर्षांनी यज्ञेशचा फोन आला. पूर्वी तो तिच्या हाताखाली रेकॉर्डिंगची बटणं दाबायचा, आता स्टुडिओ त्याचाच होता.

"हल्ली कोण चालतंय गं रेवती? रेडीमेड पावलं असतात, उचलायची आणि चिकटवायची. पण हा डायरेक्टर अडून बसलाय, माणूसच पाहिजे म्हणतो. क्लिप पाठवतो. घरी काहीतरी लपवणारा माणूस आहे. काय लपवतो ते मला विचारू नको, मलाही सांगितलं नाहीये. पुढच्या महिन्यात ट्रायल दे. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मग माझी वाट लावू नको यार."

"जमेल," ती म्हणाली होती.

मिहिरला तिने यातलं काही सांगितलं नाही. तो वाईट होता असं नव्हे. विनोद सापडला की तो झिजून त्याची चिंधी होईपर्यंत वापरायचा, एवढंच. 'आमची बायको चपला वाजवून कमावते' हा त्याचा विनोद लग्नकार्यांत, बारशांत, सत्यनारायणाला, सगळीकडे चालला होता. तेव्हा तीही हसायची. आता ट्रायलमध्ये नापास झाली तर हाच विनोद नव्याने ऐकण्याची तिची तयारी नव्हती. म्हणून ऋतिका संध्याकाळी क्लासला गेली की रेवती आतल्या खोलीचं दार लावायची आणि बूट चढवायची.

गंज सगळीकडेच चढला होता. घोटा कट्कट् वाजायचा, आणि माइकला तेही ऐकू जातं. लादीखाली गोधडी घातली तर आवाज मेला, म्हणून गोधडी काढून टाकली. पण सगळ्यांत जास्त गंज कानाला होता. कुकरच्या शिट्ट्या आणि दूधवाल्याची बेल यापलीकडे आठ वर्षांत त्या कानाने काही ऐकलंच नव्हतं. अंदाजाने चालून भागणार नाही, हे तिला चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं. समोर एक खरा पुरुष हवा होता. रोज घरी येणारा, दमलेला, खांद्याला बॅग असलेला. तो तर घरातच होता.

तिने बाहेरच्या चपलांच्या कपाटात जुना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवायला सुरुवात केली.

पहिल्या दोन-तीन दिवसांत नुसती मजा वाटली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती आणि नवरा कसा चालतो हे तिला ठाऊक नव्हतं! उजवं पाऊल जड पडायचं, कारण बॅग त्या खांद्याला. डावं पुसट. दाराशी आला की किल्ली काढण्याआधी बूट एकदा जमिनीवर घासायचा. ती हेडफोन लावून त्याच्याबरोबर चालायची, आणि त्याची चाल हळूहळू तिच्या गुडघ्यांत उतरू लागली. रात्री तो शेजारी घोरत असताना तिला आतल्या आत हसू यायचं.

मग एका संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकता ऐकता तिने ते थांबवलं. मागे घेतलं. पुन्हा ऐकलं.

लिफ्ट कुठे होती?

त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, ओढायच्या जाळीची. ती आली की साऱ्या मजल्यांना कळायचं. रेकॉर्डिंगमध्ये पावलांच्या आधी तो खडखडाट नव्हता. तिने आदल्या दिवसाचं लावलं, त्यातही नव्हता. मिहिर जिन्याने येत होता, पाचव्या मजल्यावर, तेही धाप न लागता. आणि पावलं सुरू होण्याआधी, खूप लांब, एक कडी वाजत होती. ती कडी तिच्या ओळखीची होती. चौथ्या मजल्यावरच्या कुंदाकाकूंच्या दाराची.

कडीच्या आधी एक आवाज होता. तरुण बाईचा.

"उद्या पण या हं, दादा."

कुंदाकाकूंकडे त्यांची भाची तेजल तीन महिन्यांपूर्वी राहायला आली होती. नवऱ्याला सोडून आली असं सगळी सोसायटी म्हणत होती. गोरी, हसरी, ओल्या केसांनी गॅलरीत उभी राहणारी. रेवतीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दादा म्हणते खरं, पण म्हणायला काय, जीभ थोडीच झिजते!

त्या रात्री जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "लिफ्ट बंद आहे का रे?"

"नाही. का?"

"जिन्याने आलास वाटतं."

मिहिरने कोशिंबिरीचा वाडगा पुढे ओढला. "हो. डॉक्टर म्हणाले ना, व्यायाम करा."

"पाच मजले? धाप नाही लागली ती."

"सवय झालीय आता," तो म्हणाला आणि वाडग्यातच बघत राहिला.

खोटं बोलताना माणसाने निदान नीट तरी बोलावं, असं तिला वाटलं. तिला फार एकटं वाटलं.

मग एकेक गोष्ट दिसू लागली. तो लवकर येऊ लागला होता, ऑफिसात काम कमी आहे म्हणायचा. घरात पाऊल टाकलं की आधी गॅलरीत जायचा. मग बाथरूमचं दार उघडून बघायचा. एकदा टॉवेल हवा म्हणून त्याने आतल्या खोलीतलं कपाट उघडलं. टॉवेल बाहेर दोरीवर होते. आणि दर दोन दिवसांनी, पाणी पिता पिता, "कोणी आलं होतं का गं?" असा प्रश्न. रेवतीने मनाशी निकाल देऊन टाकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. याला धास्ती आहे की खालून कुणी येऊन मला सांगेल.

तिने विचारलं नाही. भांडायचं तर हातात काहीतरी हवं, आणि हातात होती ती एक कडी आणि एक 'दादा'. शिवाय चपलांच्या कपाटात फोन लपवून नवऱ्याची पावलं ऐकते, हे सांगावं लागलं असतं. मग ती दुसऱ्या दिवशी बूट घालून लादीवर उभी राहिली आणि फोनमधल्या माणसाकडे बघू लागली. स्टुडिओतले जुने लोक सांगायचे, पाय बघू नको, खांदे बघ. पाय खांद्यांचं ऐकतात. आजवर तिने त्या खांद्यांत थकवा बघितला होता. आज बघताना वाटलं, हा थकलेला नाही. याला आत जायची भीती वाटतेय. आत बायको आहे आणि तिला सांगता येणार नाही असं काहीतरी याच्यापाशी आहे.

ती चालली. उजवं जड, डावं पुसट. दाराशी बूट घासला, थांबली. क्लिप संपली तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. खोलीत एक पुरुष येऊन उभा राहिला होता आणि बाई कुठेच नव्हती.

त्यानंतर ती रोज तेच चालत राहिली, राग असेपर्यंत. राग काही संपत नव्हता.

ट्रायलच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ती नुकती बूट बांधून दोन-चार पावलं चालली असेल, तेवढ्यात लिफ्टची जाळी वाजली. चौथ्या मजल्यावर. मग उजवं जड, डावं पुसट. कडी. दार.

रेवती लादीवरून खाली उतरली. तिचं डोकं गार होतं. कुंदाकाकूंनी मागे अळूवड्या पाठवल्या होत्या, त्यांचा स्टीलचा डबा ओट्यावर तसाच पडला होता. संशय आल्यापासून तिने काकूंच्या घराची पायरी चढायची नाही असंच ठरवलं होतं. आता तोच डबा उपयोगी आला. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून त्यात तिने चार रव्याचे लाडू घातले. बूट काढले. अनवाणी, न वाजता जिना कसा उतरायचा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

काकूंचं दार नुसतं लोटलेलं होतं. ती भिंतीच्या कडेला उभी राहिली.

"आज नाही आला वाटतं," कुंदाकाकू म्हणत होत्या.

"येईल. अजून वेळ आहे." हा मिहिर.

"आत्ता तू यायच्या आधी दोन-चार पावलं वाजली बघ. मग एकदम गप्प."

"चाहूल लागली असेल त्याला," तेजल म्हणाली.

रेवतीने डबा पोटाशी धरला.

"मी सांगते तुला मिहिर, माणूस काही तरणा नाहीये," काकू ठामपणे म्हणाल्या. "पन्नाशीचा असेल. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणी लंगडत-बिंगडत चालतंय. पण आता रोज ऐकून ऐकून कळायला लागलंय. उजवं पाऊल जड पडतं त्याचं."

"त्या खांद्याला बॅग असणार." मिहिरचा आवाज बसला होता.

"आणि मेला दाराशी येऊन थांबतो. आत जाऊ की नको, असं. भितो कुणाला तरी. मला तर एखादे वेळी कीवच येते त्याची."

"पण येतो कुठून आणि जातो कुठून?" तेजल म्हणाली. "पावलं थांबली की मी या भोकाला डोळा लावून बसते, दादा. जिन्यात कुणी नाही, लिफ्ट हलत नाही. तुम्ही वर जाता तर घरात रेवतीवहिनी एकट्या."

"गॅलरी बघितलीस नीट?" काकूंनी विचारलं.

"सगळं बघितलं काकू. कपाटसुद्धा."

"मग सरळ विचार की तिला! इथे बसून छताकडे काय बघतोस?"



"विचारलं," मिहिर म्हणाला, "आणि ती हो म्हणाली तर?"

रेवतीला आधी काय वाटलं, ते तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला आधी आनंद झाला. पन्नाशीचा, खांद्याला बॅग, दाराशी घुटमळणारा, भ्यालेला! मध्ये एक अख्खा स्लॅब, कान म्हातारे, आणि तरी त्यांना माणूस दिसला होता. उद्याची ट्रायल काय व्हायची ती होवो, ती आजच पास झाली होती. तिला तिथेच हसू आलं असतं.

मग त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरी गोष्ट आली. म्हणजे हा इतके दिवस इथे बसून आपल्या घरातला परपुरुष ऐकत होता. गॅलरीत, बाथरूममध्ये, कपाटात त्यालाच शोधत होता. काखेत कळसा म्हणावं तर कळसाही याच्याच मापाचा! ती नुसत्या पावलांवरून याला ओळखत होती. आणि याने डोक्यावर स्वतःचीच चाल वाजत असताना ती ओळखली नाही, बायकोवर मात्र झटकन संशय घेतला. तिला इतका राग आला की डबा दारातच आपटून परत जावं. पण 'ती हो म्हणाली तर' हे शब्द त्या रागाच्या आड आले. आणि जिन्यात अनवाणी उभी राहून नवऱ्याला पकडायला आलेली बाई कोण होती, हेही तिला तेवढ्यात आठवलं.

ती आली तशी वर गेली.

बूट घातले. नाड्या बांधल्या. डबा घेतला, घराचं दार ओढून घेतलं आणि ती जिना उतरू लागली. उजवं जड, डावं पुसट. जिन्यात आवाज लादीपेक्षा चांगला घुमत होता. खालचं बोलणं तुटलं. कुणीतरी खुर्ची सरकवली.

"आला," तेजल कुजबुजली. "अगं मावशी, उतरतोय! इकडेच येतोय!"

काकूंच्या दाराशी येऊन रेवतीने बूट एकदा जमिनीवर घासला. थांबली. हात बेलकडे नेला आणि खाली घेतला.

दार धाडकन उघडलं. मिहिर समोर उभा होता, हातात कुंदाकाकूंची लांब दांड्याची छत्री. त्याची नजर आधी रेवतीच्या डोक्यावरून गेली, उंच माणूस शोधत. मग तिच्या चेहऱ्यावर आली. मग हळूहळू खाली, बुटांवर.

"काकू, तुमचा डबा," रेवती म्हणाली. "लाडू आहेत."

"अगं बाई!" काकूंनी डबा घेतला, पण त्यांची नजर तिच्या पायांवरून हलेना. "म्हणजे वर... ती तू?"

"हो. काम परत सुरू करतेय. त्याची प्रॅक्टिस."

तेजल फिस्सकन हसली. काकूंनी तिला कोपर मारलं.

मिहिरने छत्री दाराला टेकवली. ती घसरून पडली, ती त्याने उचलली नाही.

"हे माझे बूट आहेत," तो म्हणाला.

"तुझेच."

"आणि... ती चाल?"

"तीही."

त्याने तोंड उघडलं. विनोद करायची त्याची हीच वेळ असायची. रेवती वाट बघत राहिली. त्याने तोंड मिटलं.

तिने वाकून नाड्या सोडल्या, बूट काढले आणि त्याच्या हातात दिले. "उद्या अंधेरीला ट्रायल आहे माझी. ऋतिकाला क्लासला तू सोड."

ती अनवाणी जिना चढू लागली. थोड्या वेळाने तो आपले रोजचे बूट चढवून मागून निघाला. तो आवाज न करता चालायचा प्रयत्न करत होता, चवड्यांवर. आता या घरात पावलं ऐकली जातात हे त्याला कळलं होतं. बॅग काकूंकडेच राहिली होती, खांदा मोकळा होता, तरी उजवं पाऊल जडच पडत होतं.

घराचं दार उघडून रेवती आत गेली. दार तिने लावलं नाही. तो उंबऱ्याशी आला. बूट घासला आणि थांबला.

ते थांबणं तिला पाठ होतं, महिनाभर तिने तेच केलं होतं. यापुढचं पाऊल मात्र क्लिपमध्ये नव्हतं. तिने मागे वळून बघितलं नाही. ती तशीच पाठमोरी उभी राहिली आणि ऐकू लागली.